पाण्याच्या वाटेनं माहेर

आमच्या झरीहून येलदरीचं धरण फार लांब नाही. पण त्या पाण्यात नावेनं दोन दिवस फिरून आलेला माणूस मला गावात अजून भेटलेला नाही. जे गेले ते भिंतीजवळ उभे राहिले, फोटो काढले, भजी खाल्ली आणि दिवस मावळायच्या आत घरी परतले. त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. वाचून कुणी जावं असं मात्र मी म्हणणार नाही, निदान वैशाखात तरी नाही. येऊन पाच दिवस झाले तरी माझी कंबर अजून नावेच्या फळीवरच आहे.

सुरुवात पुण्याच्या मुलीपासून झाली. ती आणि जावई यंदा कोकणात गेले आणि बोटीतून बेटं बघत हिंडले. रोज सकाळी फोनवर फोटो यायचे. निळं पाणी, नारळाची झाडं, गॉगल लावलेला जावई. "बाबा, पुढच्या महिन्यात तुम्हा दोघांचं तिकीट काढते," असं तिनं एक दिवस जाहीर केलं. मी नको म्हणालो. गुडघे, ऊन, बोटीतली संडासाची सोय, अशी कारणं एकामागून एक सांगितली. मंदा, म्हणजे आमची मंडळी, शेजारी बसून शेंगा फोडत होती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "समुद्र न्हाई तर न्हाई. येलदरीत फिरू. तिथंबी बेटं हायेत."

मी तिच्याकडं बघितलं. ती खाली मान घालून शेंगाच फोडत होती.

तिच्या मनात काय आहे ते मला लगेच कळलं. वाचणाऱ्यालाही आत्ताच सांगून टाकतो. येलदरीच्या पाण्याचा एक फाटा डोंगरात घुसलेला आहे, त्याच्या काठाला मंदाचं माहेर. आईवडील आता नाहीत. धाकटा भाऊ गंगाधर तिथं शेती करतो. आणि त्या घरातून तिला नऊ वर्षं बोलावणं नाही. आमच्याकडं पंचमीला भाऊ बहिणीला न्यायला येतो, त्याला नाही जमलं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवतो. ह्याला मूळ लावणं म्हणतात. मूळ आल्याशिवाय लेक आपण होऊन माहेरी जात नाही. गेलीच तर गावातून जावं लागतं, आणि गाव विचारतं, न्यायला कोण आलं होतं? नऊ पंचम्या मंदा नवं लुगडं नेसून दुपारपर्यंत वाट बघायची आणि मग ते बदलून कामाला लागायची. आता तिनं युक्ती काढली होती. रस्त्यानं गेलं तर ते माहेर, पाण्यानं गेलं तर सहल. सहलीत वाटेत भाऊ दिसला, तर त्यात कुणाला काय म्हणता येणार होतं?

हे बोलावणं बंद पाडलं ते मी. सासरे गेल्यावर गंगाधरनं हक्कसोडीचा कागद करायला घेतला. बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, असा तो कागद. आमच्या भागात बहुतेक बहिणी सोडतात. भाऊ लुगडं नेसवतो, गोडाचं जेवण होतं आणि विषय संपतो. मंदाचीही तयारी होती. लुगडं आणलेलं होतं, घरी पुरण शिजत होतं. दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी गंगाधरनं कागद पुढं केला, मंदानं पेन हातात घेतलं आणि मी म्हणालो, "थांब, आधी वाचू दे."

मी तहसीलात अव्वल कारकून होतो. न वाचता सही करणारं माणूस दिसलं की माझ्या जिवाची घालमेल होते. चार पाहुण्यांसमोर मी कागद मोठ्यानं वाचायला लागलो, आणि पहिल्याच पानावर गट नंबरातला एक आकडा चुकलेला निघाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चूक सापडली की मला अजूनही बरं वाटतं. "हे दुरुस्त करून आणा, मग सही होईल," असं म्हणून मी कागद परत दिला. गंगाधरनं त्याची घडी करून खिशात घातली. "दाजीचा आमच्यावर भरवसा न्हाई," एवढं बोलून तो उठला. त्या दिवशी पुरण कुणी खाल्लं नाही. दुरुस्त केलेला कागद आला नाही आणि पंचमीला मूळही आलं नाही.

पिराची टेकडी

नाव म्हणजे जावयाच्या फोटोतली बोट नव्हे. मारोती नावाचा चाळिशीतला भोई धरणात मासे धरतो आणि बेटांवरच्या तळांवरून इतरांची मासळी गोळा करून काठाला आणतो. त्याची ती फायबरची नाव. मागं इंजिन, मध्ये बर्फाची पेटी आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं. वास कसला होता ते सांगायला नको. जीव वाचवायची सोय म्हणून ट्रॅक्टरच्या चाकाच्या दोन फुगवलेल्या ट्यूब होत्या.

"काका, पवायला येतं का?" मारोतीनं विचारलं.

"लहानपणी विहिरीत पोहायचो."

"हिरीला कठडा असतोय, धरायला. हितं काय न्हाई. ट्यूब सोडू नका."

मंदाला त्यानं काही विचारलं नाही. ती आपली ट्यूब कडेवर घेतल्यासारखी धरून पुढं तोंड करून बसली होती.

ह्या दिवसांत येलदरीचं पाणी खूप खाली गेलेलं असतं. प्रत्येक डोंगराला पाणी उतरल्याच्या रेघा पडलेल्या असतात, मातकट, एकीखाली एक. बेटं म्हणजे जुन्या टेकड्यांचे माथे. समुद्रातल्या बेटांवर नारळ असतात म्हणे, इथं बाभळी आहेत, आणि पाण्यात मेलेल्या झाडांचे पांढरे बुंधे, त्यावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. पाणी निळं मात्र नव्हतं. चहाच्या गाळणीखालून निघाल्यासारखं होतं. दहा वाजताच नावेची कड हाताला चटका द्यायला लागली. मी छत्री उघडली तर वाऱ्यानं नाव तिरपी चालायला लागली, तेव्हा मारोतीनं ती मिटायला लावली. उरलेला सगळा प्रवास मी ती मांडीवर घेऊन बसलो.

दुपारी पिराच्या टेकडीला थांबलो. थांबणं म्हणजे दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडायचा आणि खडकावर उडी मारायची. उडी मारोतीनं मारली, मला त्यानं काखेत धरून उतरवलं. वर एक जुनी कबर आहे, चुन्यानं रंगवलेली, आणि हिरवा झेंडा. सगळे भोई जाळं टाकायच्या आधी इथं नारळ ठेवतात. मंदानं उदबत्ती लावली आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. विचारायला तोंडही नव्हतं.

बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मारोतीलाही दिली. तो म्हणाला, "बोला काकू, आता कोन्या बाजूला जायाचं?"

"मला काय ठावं? जिकडं बरं हाय तिकडं ने," मंदा म्हणाली. थोड्या वेळानं दशमीचा तुकडा मोडत म्हणाली, "त्या डोंगराकडच्या फाट्यात गाळपेर असती म्हणं."

"हाय की. टरबूजं लय आलीत औंदा."

"मग तिकडं नेलास तरी चालंल."

उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की ओला गाळ उघडा पडतो. त्यात नांगर न घालता लोक टरबूज, काकडी, मका लावतात. पाऊस पडून पाणी चढायच्या आत पीक काढून न्यायचं. ही गाळपेर. गंगाधर दर उन्हाळ्यात तिथं खोपट घालून राहतो, हे मंदाला कुणाकुणाकडून कळत असे. मी मुकाट्यानं चटणी खात राहिलो. दमलो होतो, आणि तिचं नाटक मोडण्याची माझी लायकी नव्हती.

भोयांचा तळ

मुक्काम एका लांबट बेटावर केला. तिथं उन्हाळाभर मासे धरणारी तीन-चार बिऱ्हाडं असतात. ताडपत्रीची पालं, वाळत घातलेली जाळी, आणि सगळीकडं कोंबड्या. मारोतीची चुलती गोदाबाई तिथं राहते. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. तिनं सूर्य बुडायच्या आतच ज्वारीची भाकरी आणि काळ्या मसाल्यातलं रोहूचं कालवण वाढलं. आमच्या घरी मासे वर्षातून एकदा झाले तर झाले. मला काटे काढायची सवय नाही. तिसऱ्या घासाला काटा घशात बसला. पाणी प्यालो, खोकलो, डोळ्यांतून पाणी आलं. गोदाबाईनं शांतपणे कोरड्या भाकरीचा मोठा तुकडा माझ्या हातात दिला. "चावू नका. तसाच गिळा." गिळला. काटा गेला. त्यानंतर मी नुसता रस्सा खाल्ला, आणि तो फार चांगला होता.

जेवणं झाल्यावर गोदाबाईनं मंदाला जवळ बसवून घेतलं.

"म्हायेर कुठलं बाई तुजं?"

मंदानं हातानं डोंगराकडं दाखवलं. "हितलंच. त्या फाट्याच्या कडंला."

"आन् भाऊ-बीऊ?"

"हाय की एक."

"मग म्हायेर समोर दिसायलंय आन् हितं वाळूत कामून झोपायलीस?"

"आम्ही फिरायला आलोत," असं मी मध्येच म्हणालो. गोदाबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भांडी उचलली. सबंध प्रवासात माझी एवढी शोभा कुठं झाली नाही, दुसऱ्या दिवशी चिखलात पडलो तेव्हाही नाही.

गाळपेर

डोंगराकडचा फाटा अरुंद आहे आणि शेवटी शेवटी तर उथळच होत जातो. सकाळी आम्ही त्यात शिरलो. दोन्ही बाजूंना हिरवे पट्टे दिसायला लागले, त्यांत गोल टरबुजं उन्हात चमकत होती. वाळून पांढऱ्या पडलेल्या डोंगरांमध्ये ती हिरवाई बघून मलासुद्धा बरं वाटलं. मंदानं पदर नीट केला. मग पुन्हा नीट केला. काठाच्या थोडं अलीकडं नाव गाळात रुतली. मारोतीनं इंजिन उचललं, बांबूनं रेटून बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमी उतरलाव तर वजन हलकं होईल."

पाणी पोटरीएवढंच दिसत होतं. मी उतरलो आणि गुडघ्याच्या वर आत गेलो. एक पाय काढायला गेलो तर दुसरा आणखी खाली. एक चप्पल गाळातच राहिली, ती अजून तिथंच आहे. पुढं वाकून हात टेकले तर हातही आत. अशा अवस्थेत मी असताना काठावरून कुणीतरी लांब फळी ओढत येताना दिसलं.

"पाय उचलू नका, दाजी. जितकं उचलताव तितकं आत जाताव."

नऊ वर्षांनी गंगाधर माझ्याशी बोलला तो हा असा. फळी गाळावर आडवी टाकून तो तिच्यावरून आला, मला दंडाला धरलं आणि मुळा उपटावा तसा बाहेर काढला. केस पांढरे झाले होते त्याचे. मी काही बोलायच्या आत त्यानं मान वळवून नावेकडं बघितलं.

मंदा ट्यूब धरून तशीच बसली होती. उतरायचं नाव घेईना. तिला यायचंही होतं आणि बोलावल्याशिवाय पाऊलही टाकायचं नव्हतं. मारोती बांबू धरून उभा होता.

"उतर की, आक्का," गंगाधर म्हणाला.

"आमी फिरायला आलोत."

"मग उतरून फिर."

ती उतरली. फळीवरून चालताना त्यानं हात पुढं केला, तो तिनं धरला. काठावर पोचल्यावर सोडला.

खोपटात गंगाधरची बायको शीला होती. तिनं आधी माझ्या पायांवर दोन बादल्या पाणी ओतलं, मग मंदाच्या पाया पडली, मग टरबूज फोडलं. मंदानं सगळ्या पिकाची चौकशी केली, म्हशीची केली, भाचीच्या बाळंतपणाची केली. त्या भाचीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला पोस्टानं आली होती आणि आम्ही गेलो नव्हतो. दुपारी भाकरी, वांग्याचं भरीत आणि काकडीची कोशिंबीर झाली. गंगाधर माझ्याकडं बघत नव्हता. मला वाटलं, भेट झाली, तिनं भाऊ बघितला, आता उठावं. ऊन कलल्यावर मारोतीला निघायचं होतं.

तेवढ्यात मंदाच म्हणाली, "गंगा, तो कागद आण. मी आता सही करते."

गंगाधर उठला. छपराच्या वाशाला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती, गाळपेरीच्या पावत्यांची. त्यातून त्यानं जुना, चौघडी केलेला कागद काढला आणि मंदाला न देता माझ्यापुढं धरला.

"चष्मा हाय का, दाजी? त्या दिवशी पैलं पान वाचलं तुमी. आता दुसरं वाचा. मोठ्यानं."

मी चष्मा लावला. पहिल्या पानावर गट नंबरातला चुकलेला आकडा होता, त्याभोवती मी पेनानं केलेला गोल होता. पान उलटलं. दुसऱ्या पानावर खाली चारच ओळी होत्या. वाचायला सुरुवात केली आणि माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटायला लागला. "परंतु धरणाकाठचे टेकाड, त्यावरील चिंचेसह, लिहून देणार हिचेच राहील. सदर टेकाडाचा हक्क तिने सोडलेला नाही, व तो लिहून घेणार याने किंवा त्याच्या वारसांनी कधीही मागू नये." लिहून देणार म्हणजे मंदा. लिहून घेणार म्हणजे गंगाधर.

टेकाड खोपटाच्या मागंच होतं. पावसाळ्यात त्याच्या चारी बाजूंनी पाणी भरतं आणि त्याचं बेट बनतं, असं शीलानं जेवताना सांगितलं होतं. चिंच मोठी होती.

"लिहिणारा नको म्हनत व्हता," गंगाधर म्हणाला. "असं कुनी लिहीत न्हाई म्हनला. म्या म्हनलं, ल्ही. आक्काला हितं यायला जागा पायजे."

"मग मला सांगायचं," मी म्हणालो.

"म्या कामून सांगू? वाचनारा मानूस व्हता की संगं."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकही कागद अर्धा वाचून खाली ठेवला नाही. घरचा ठेवला, कारण चूक सापडल्यावर मला पुढचं वाचायची गरज वाटली नाही.

मंदा रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, चिडली. इतकी चिडलेली मी तिला लग्न झाल्यापासून बघितली नव्हती.

"एकानं वाचलं न्हाई, दुसऱ्यानं सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "तुमचा दोघांचा मान ऱ्हायला. मधल्या मधी माजी नऊ वर्सं गेली. मला टेकाड नको व्हतं रे. पंचमीला कुनीतरी यायला पायजे व्हतं."

गंगाधरनं माझ्या हातातला कागद घेतला, घडी करून परत पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "औंदा मूळ लावतो, आक्का. म्या सोता येतो."

"पंचमीपातूर मी थांबनार न्हाई. आजपासूनच ऱ्हाते."

शीला लगेच उठली आणि तिनं वाकळ झटकायला घेतली.

मारोती हाका मारत होता. मी उठलो, गंगाधरनं आपल्या जुन्या चपला माझ्यापुढं सरकवल्या. मी मंदाला म्हणालो, "चूक माझी झाली." तिनं ते ऐकलं, पण मान हलवली नाही. फळीपर्यंत सोडायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "न्यायला याल तवा पान्यानं येऊ नका. रस्त्यानं या. पारापाशी उतरा, सगळ्यांदेखत."

परतताना नावेत बर्फाची पेटी, मासळी, एक रिकामी ट्यूब आणि मी. झरीला पोचलो तेव्हा शेजारणीनं ओट्यावरूनच विचारलं, "काकू न्हाई आल्या?" मी म्हणालो, "माहेरी गेल्यात." नऊ वर्षांत हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि ती आत गेली.

मुलीचा फोन आला होता, सहल कशी झाली म्हणून. मी म्हणालो, दमलो. ते खरंच आहे. पाच दिवस स्वतः भाकरी थापतो आहे, त्या नकाशासारख्या होतात. उद्या सकाळच्या एस.टी.नं मंदाला आणायला जाणार आहे. पारावर चार माणसं बसलेली असतील, आणि दाजीनं बहिणीला सही करू दिली नाही ही गोष्ट त्यांतल्या प्रत्येकाला पाठ असेल. त्यांनी काही विचारायच्या आत मीच थांबून त्यांना सांगणार आहे, की कागद बरोबर होता, मी तो अर्धाच वाचला होता.